मनूस, फोटोंच्या यादीबद्दल

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर माझा आवाज चढला, ते मनावर घेऊ नकोस. तुझी फोटोंची यादी रात्री पुन्हा वाचली. मेंदीचे, पैठणीच्या पदराचे, समुद्रावरचे, सगळे छान आहेत. आजीचा एकही नाही, एवढंच मला लागलं.

मुहूर्त ११ वाजून ४७ मिनिटांचा. आजीबरोबरचा फोटो ९ लाच काढून घे, गौरीहराला बसायच्या आधी. वधूच्या खोलीत खिडकी आहे, तिथे पातळ पडदा ओढून. चाकाच्या खुर्चीत नको, साध्या खुर्चीत बसवून पाठीला उशी द्या. फोटोग्राफरला गुडघ्यावर बसायला सांग. उभ्याने काढला की म्हातारं माणूस अजून खचलेलं दिसतं. चष्मा काढायला लावू नका, त्याशिवाय ती तिच्यासारखी दिसत नाही. काड्या कानावरून जराशा उचलल्या की काचा खाली झुकतात आणि चमक जाते. डाव्या हातावर सलाइनची पट्टी असेल, त्यावर तुझा हात ठेव.

आता बाकीचं. अंतरपाटाला दोन फोटोग्राफर हवेतच, एक तुझ्या चेहऱ्यावर आणि एक अनिकेतच्या. अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार ते गुरुजींना आधी विचारून ठेवा, नाहीतर कापड नेमकं कॅमेऱ्यासमोरून जातं. ‘तदेव लग्नं’ सुरू झालं की दोघांचीही बोटं शटरवर हवीत. मांडवातल्या एलईडी माळांनी सायलेंट शटरवर, म्हणजे कॅमेरा आवाज न करता काढतो त्या, फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवायचा. पण त्या वेगाला अक्षतांच्या रेघा होतात. तेवढ्यापुरता साधा शटर आणि फ्लॅश, मग दाणे हवेत थांबलेले मिळतात. आणि पाहुण्यांना मधल्या वाटेत मोबाइल घेऊन उभं राहू देऊ नका, हे राजूमामाला सांगून ठेव.

कन्यादानाला कॅमेरा हातांच्या उंचीवर हवा. आईच्या झारीतली धार माझ्या ओंजळीतून तुमच्या हातांवर आणि खाली काशाच्या भांड्यात पडते. उजेड पाठीमागून आला तरच ती धार उठून दिसते. समोरून फ्लॅश मारला की नाहीशी होते. तीस वर्षं ती मी लेन्समधून पाहिली. यावेळी माझे हात मोकळे नसणार.

लाजाहोमाच्या वेळी कॅमेऱ्याजवळचा फ्लॅश बंद. तो धुरावर पडतो आणि तुम्ही दोघं पांढुरक्या पडद्याआड जाता.

ग्रुप फोटो तू २४ लिहिलेत. माणसं जमवून एकाला ३ मिनिटं धर, म्हणजे सव्वा तास झाला. पंगत खोळंबते, माणसं चिडतात, चेहऱ्यांवर ते दिसतं. १० ठेव. नावं पुकारायला दोन्हीकडची माणसं ओळखणारा कुणीतरी हवा. पहिला ग्रुप आजी असलेला. सकाळचा काढला तरीही.

डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. समुद्रावरचे हवे असतील तर दादर चौपाटीवर पाचला पोचायला हवं, साडीचा काठ ओल्या वाळूत जाऊ न देता. कॅमेऱ्यात दोन कार्डं असू देत, एकच फोटो दोन्हींवर जायला हवा. हॉल सोडण्यापूर्वी लॅपटॉपवर उतरवून घ्यायला सांग. एक कार्ड बिघडलं की सप्तपदी पुन्हा घालता येत नाही.

पुन्हा शिकवायला लागलो. लग्न तुझं, यादीही तुझीच. तू ती किती रात्री बसून केलीस ते आईने सांगितलं, फार बरं वाटलं. पण आमचा अल्बम काढून बघ. आजी एकाच फोटोत आहे, तीही पाठमोरी, कोठीच्या दारात, हातात लाडवांचं ताट. दिवसभर राबत होती आणि तिला समोर बोलवावं हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

डॉक्टरांनी तिला एकच तास बसायला सांगितलंय. तो तास मुहूर्ताला खर्ची पडावा असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, फोटोला दहा मिनिटं काढू. मोतिया रंगाचं लुगडं तिने कपाटातून काढून उशाशी ठेवलंय. उद्या इस्त्रीला टाकतो.

तुझा,
बाबा