आण्णा, चासीवर आडवा टाका मारला नाही

डेन्व्हर, कोलोरॅडो
११ मे

ती. आण्णांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही तीनदा विचारलंत, "गाडीला नक्की काय लावलंस?" आणि तिन्ही वेळा माझं सांगणं अर्धंच पोचलं. उद्यमनगरात सगळी उमर ग्राइंडरशेजारी काढलेल्या तुमच्या कानांना फोनपेक्षा कागद बरा. म्हणून दगडापासून बचावासाठी गाडीच्या दारांखाली मी जे जाड नळे जोडले, त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो. सोबत आकृती आहे, मापं तुमच्या इंच-सुतातच, आठ सुतांचा एक इंच, टाकली आहेत.

मागच्या ऑक्टोबरात आम्ही मोआबला गेलो होतो ते आठवत असेल. युटा राज्यात, इथून साधारण पावणेसहाशे किलोमीटर. सगळा लाल वाळूचा दगड. त्याला इथले लोक स्लिकरॉक म्हणतात, कारण पूर्वी घोड्यांच्या लोखंडी नाला त्यावर घसरायच्या. रबरी टायर मात्र त्यावर घोरपडीसारखा चिकटतो, त्यामुळे बघून विश्वास बसणार नाही असे चढ गाडी चढते. फिन्स अँड थिंग्ज नावाची एक वाट आहे, माशाच्या पाठीवरच्या परासारखे दगडाचे लांबलचक उभे वरवंटे आणि मधे मधे पायऱ्या. अशाच एका पायरीवरून उतरताना पुढचं चाक खाली गेलं आणि गाडी मधोमध दगडावर टेकली. कंपनीचं फुटबोर्ड कागदासारखं दुमडलं आणि दाराखालचा उंबरा आत दाबला. मागचं दार उघडेना. तुमच्या नातीला पुढच्या सीटवरून ओढून बाहेर काढलं. ती रडली नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

फुटबोर्ड पाय ठेवण्यापुरतंच असतं, पत्र्याला चार बोल्टांनी लटकवलेलं. दगडावर टेकायला जे लावतात त्याला रॉक स्लायडर म्हणतात. उंबऱ्याच्या खाली, दोन्ही चाकांच्या मधे, बाजूने जाणारा जाड नळा. त्याचे पाय थेट चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले. गाडी दगडावर बसली तर भार चासीवर जातो, दारं मोकळी राहतात, आणि गाडी त्या नळ्यावरून घसरत पुढे निघते. उसाच्या ट्रॉलीचा साटा बांधताना तुम्ही मिस्त्रींना ओरडून सांगायचात, "पत्रा भार घेत नसतोय, चासीला दे!" अगदी तेच.

तयार मिळतात, पण मला ते स्वतः करायचे होते. तुमच्या शेडमध्ये मी वेल्डिंगचा टाकाच मारायला शिकलो आणि मग इंजिनिअर होऊन खुर्चीत बसलो, याची रुखरुख बरीच वर्षं होती.

मुख्य नळा दोन इंची चौकोनी, दीड सूत जाडीचा. त्याच्या बाहेर पावणेदोन इंची गोल नळी, जाडी सुतापेक्षा किंचित कमी, मागच्या टोकाला बाहेर वाकवलेली. म्हणजे वळताना दगड किंवा झाड त्या वाकावर येतं आणि गाडीचं ढुंगण आपोआप बाजूला सरकतं. प्रत्येक बाजूला चार पाय, तेही दोन इंची चौकोनी. चासीपासून बाहेर जाताना थोडे वर चढणारे, म्हणजे जमिनीपासूनची उंची घटत नाही. उंबरा आणि नळा यांत एक बोट फट सोडली आहे, कारण बॉडी रबरी बुशांवर बसते आणि हलते. चिकटून लावलं असतं तर नळ्यानेच उंबरा चेपला असता. एका बाजूचं वजन सव्वीस किलोच्या आसपास भरलं.

आता वेल्डिंगचं. इथे घरात १२० व्होल्ट येतात. शेजाऱ्याचं लहान मिग, म्हणजे तारेने वेल्डिंग करायचं मशीन आणून दोन सूत प्लेटच्या दोन तुकड्यांवर टाका मारून बघितला. दिसायला सुरेख, पाण्यावरच्या लाटांसारखा. मग शिकंज्यात धरून हातोडा घातला, जसा तुम्ही नव्या पोरांच्या टाक्यावर घालायचात. तिसऱ्या घावाला टाका अख्खाच्या अख्खा सुटून आला, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा. खाली बघतो तर लोखंडाची निळसर काळी खपली जशीच्या तशी. धातू वितळलाच नव्हता, टाका नुसता वर बसला होता. तो तुकडा मी बाकावर ठेवून दिला आहे.

मग भाड्याने मोठं मशीन आणलं. कपडे वाळवायच्या यंत्रासाठी घरात एक २४० व्होल्टचा सॉकेट असतो, त्यावर चालवलं. टाक्यावर सोडायचा गॅस ७५ टक्के आरगॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. लोखंड ग्राइंडरने चांदीसारखं पांढरं केलं. यावेळी हातोड्याने प्लेट वाकली, टाका हलला नाही.

तुम्ही विचारलंत, नट-बोल्टवर का नाही. बोल्टवरचेही लोक करतात आणि काढता-घालता येतात हे खरं, पण माझ्या चासीला त्या जागी भोकं नाहीत, आणि बंद पेटीच्या चासीला नवी भोकं पाडायला माझा हात धजेना. म्हणून आधी दीड सुती प्लेट, सहा इंच बाय चार, कोपरे गोल केलेल्या, आणि त्यावर पाय. प्लेटचा टाका चासीच्या लांबीच्या दिशेने, वर आणि खाली. उभ्या कडा मोकळ्या सोडल्या, कारण तिथला टाका चासीला आडवा जातो. ट्रकची चासी आडव्या टाक्यालाच तडकते हे तुम्ही मला मी सातवीत असताना दाखवलं होतं, ती तडक अजून डोळ्यांसमोर आहे.

बॅटरी सोडवली होती. अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी शेजारी लावला, म्हणजे करंट बेअरिंगमधून जात नाही. चासीच्या आतल्या बाजूने ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या जातात, तिथे ओली गोणपाटं लावली आणि तुमची सूनबाई आग विझवायचं नळकांडं घेऊन पूर्ण वेळ उभी राहिली. नळा केळ्यासारखा वाकू नये म्हणून आधी सगळीकडे नुसते टॅक, म्हणजे ठिपक्याएवढे टाके, मग एक टाका पुढच्या पायाला, एक मागच्या, असं फिरत फिरत. दोन शनिवार-रविवार गेले. नळ्यांची तोंडं बंद केली आणि खाली पाणी निथळायला एक एक भोक ठेवलं, कारण इथे हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड मारतात आणि ते लोखंड खातं. वर साधा काळा रंग दिला. भट्टीतला पावडर कोटिंग टिकाऊ असतो, पण दगडाने सोलला की घरी दुरुस्त करता येत नाही.

जॅक थेट स्लायडरखाली लावून एक बाजू उचलली. पावणेदोन टनांच्या वरची गाडी, दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली, दारं उघडून मिटून बघितली, अडली नाहीत.

मग मागच्या आठवड्यात त्याच वाटेला गेलो, त्याच पायरीवर. टायरची हवा कमी केली होती. पुढचं चाक उतरलं आणि डावी बाजू दगडावर बसली. कर्रर्र असा आवाज दातांपर्यंत गेला. नात मागून म्हणाली, "बाबा, आता दार उघडेल का?" गाडी हातभर घसरली आणि खाली उतरली. थांबवून आधी तिचंच दार उघडलं. उघडलं, आण्णा. नळ्यावर वीतभर रंग गेला होता आणि खाली पांढरं लोखंड चमकत होतं. घरी आल्यावर ब्रशने रंग लावला.

एक शंका आहे. मागचा वाक शेवटच्या पायापासून नऊ इंच अधांतरी आहे. त्या घसरण्यानंतर मोजपट्टी लावून बघितलं तर टोक सुतापेक्षा कमीच, पण वर सरकलं आहे. तिथे तिरकी पट्टी मारू, की पाचवा पाय देऊ? पाय दिला तर चासीवर आणखी एक प्लेट येते आणि तिथून पुढे चासी वर वळते, म्हणून मन होत नाही. आकृतीत ती जागा लाल पेन्सिलीने गोल केली आहे. तुम्ही खूण करा आणि दादाला फोटो पाठवायला सांगा. तोवर मी दगडावर जात नाही.

आईला नमस्कार. वहिनींनी पाठवलेला कांदा-लसूण मसाला संपत आला आहे.

तुमचा
धाकटा