रुजू होताना न वाचलेली नियमपुस्तिका

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विद्यापीठांतील नोकरभरतीविषयी वृत्तपत्रांतून जी चर्चा होते, ती बहुधा जाहिरात, पात्रता, निवड समिती आणि रिक्त पदे यांच्यापाशीच थांबते. निवड झालेली व्यक्ती रुजू झाल्यावर तिला कामाचे नियम कोण समजावून सांगतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मी एका विद्यापीठाच्या आस्थापना विभागातून निवृत्त झालो आहे. नव्या कर्मचाऱ्यापुढे नियमपुस्तिका ठेवायची आणि ‘वाचले व समजले’ या ओळीखाली त्याची सही घ्यायची, हे काम मी स्वतः कित्येक वर्षे केले. माझ्यासमोर बसून ती पुस्तिका कोणी पहिल्या पानापासून वाचल्याचे मला आठवत नाही. वाचायला आम्ही वेळही देत नव्हतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

या न वाचलेल्या सहीची किंमत काय असते, हे मला एका प्रकरणात जवळून पाहायला मिळाले. परीक्षा विभागात नव्याने आलेल्या एका लिपिकाने आपला पासवर्ड शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्याला सांगितला होता. निकालाची घाई होती, संगणक अपुरे होते आणि ‘आपल्याकडे असेच चालते’ असे त्याला पहिल्याच आठवड्यात ऐकवण्यात आले होते. पुढे एका विद्यार्थ्याच्या गुणांच्या नोंदीत फेरफार आढळला, तेव्हा संगणकावर नाव आणि वेळ त्या नव्या लिपिकाची निघाली. त्या वेळी तो जागेवरही नव्हता. चौकशीत त्याच्यापुढे पहिला कागद ठेवला गेला तो त्याच्याच सहीचा. अखेर तो निर्दोष ठरला, पण तोवर त्याचा परिवीक्षा कालावधी, म्हणजे कायम होण्याआधीचा चाचणीचा काळ, दोनदा वाढवून झाला होता. पासवर्ड ही कार्यालयाची सामाईक वस्तू नसून आपल्या सहीइतकीच वैयक्तिक गोष्ट आहे, एवढे एक वाक्य कोणी त्याला समोर बसवून सांगितले असते, तर हे सारे टळले असते.

रजेची गोष्ट त्याहून साधी, आणि म्हणूनच अधिक फसवी. रजेचा अर्ज देणे आणि रजा मंजूर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नव्या माणसाला कळतच नाही. वरिष्ठांना मोबाईलवर संदेश पाठवला, त्यांनी ‘ठीक आहे’ असे उत्तर दिले, की काम झाले असे तो समजतो. पुढे त्या वरिष्ठांची बदली होते, संदेशाची नोंद कोठेच नसते, आणि वेतननिश्चितीच्या वेळी सेवापुस्तकात ते चार दिवस विनापरवानगी गैरहजेरी म्हणून उभे राहतात. एवढीशी नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी वर्षभर टेबलामागून टेबल हिंडणारी माणसे मी पाहिली आहेत.

परिवीक्षेबाबत विद्यापीठांनी एक दस्तऐवज अवश्य पाहावा. उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जासंबंधी युनेस्कोने १९९७ मध्ये केलेल्या शिफारशीत परिवीक्षेकडे नवागताला प्रोत्साहन देण्याची आणि कामात रुळवण्याची संधी म्हणून पाहिले आहे. तिची मुदत आधी माहीत असावी, ती पूर्ण करण्याच्या अटी व्यावसायिक क्षमतेशीच निगडित असाव्यात, काम असमाधानकारक वाटत असेल तर मुदत संपण्याच्या पुरेसे आधी कारणांसह तसे कळवावे म्हणजे सुधारणेला वाव राहील, आणि निर्णयाविरुद्ध अपील करता यावे, असे त्यात म्हटले आहे. ही शिफारस अध्यापकांपुरती असली तरी लिपिक, प्रयोगशाळा सहायक किंवा ग्रंथालयातील कर्मचारी यांना वेगळा न्याय लावण्याचे कारण मला दिसत नाही. व्यवहारात मात्र परिवीक्षा संपली की आपोआप कायम झालो, असा पुष्कळांचा समज असतो, आणि तसा लेखी आदेश मागून घ्यावा हे त्यांना कोणी सांगत नाही.

विद्यार्थ्यांच्या माहितीची गोपनीयता हाही असाच न सांगितलेला विषय आहे. ‘मी तिचा काका बोलतोय, निकाल काय लागला ते सांगा’ असा दूरध्वनी आला की नवा कर्मचारी भिडेपोटी सांगून मोकळा होतो. आपला नातेवाईक परीक्षेला बसला असेल तर ते आधी लेखी कळवून त्या कामातून बाजूला व्हायचे असते, हेही बहुतेकांना पहिला आक्षेप आल्यावरच समजते.

सर्वांत नाजूक विषय छळाच्या तक्रारीचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये संमत केलेला १९० क्रमांकाचा करार कायम कर्मचाऱ्यांपुरता मर्यादित नाही. प्रशिक्षणार्थी, स्वयंसेवक आणि नोकरीसाठी अर्ज केलेले उमेदवारही त्याच्या संरक्षणात येतात, आणि कामानिमित्तचा प्रवास व कामासंबंधीचे संदेशही त्यात धरले आहेत. नवागताला कलमे पाठ असण्याची गरज नाही. त्याला हवे असते ते एक नाव, एक खोली आणि ही खात्री की, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच मार्फत अर्ज पाठवावा लागणार नाही. ‘योग्य मार्गाने’ म्हणजे आपल्या वरिष्ठांमार्फतच, असा या शब्दांचा कार्यालयात जो अर्थ रूढ आहे, तो या बाबतीत फार घातक ठरतो.

माझी सूचना खर्चाची नाही. नियमपुस्तिका नियुक्तिपत्रासोबतच पाठवावी, रुजू झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत आस्थापना विभागातील एखाद्या जाणत्या माणसाने दोन तास देऊन रजा, परिवीक्षा, पासवर्ड, गोपनीयता आणि तक्रारीचा मार्ग एवढे तरी समजावून सांगावे, शंका विचारू द्याव्यात आणि मगच सही घ्यावी. कंत्राटी कर्मचाऱ्यांना यातून वगळू नये. चूक त्यांच्याकडून झाली तर नियम त्यांनाही लागतातच. पुस्तिका कर्मचाऱ्याकडेच राहावी, हे वेगळे सांगावे लागते, कारण आमच्या विभागात कित्येक वर्षे तिची एकच प्रत होती आणि सही झाली की ती पुन्हा माझ्या टेबलाच्या खणात जात असे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विद्यापीठ कर्मचारी