घाबरायचंच तर योग्य जागी घाबरा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांत नुकतंच एका गृहस्थांचं पत्र वाचलं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं अन्न किरणोत्सारी होतं, त्याचं सत्त्व निघून जातं, म्हणून त्यांनी आपला ओव्हन घराबाहेर काढला आणि इतरांनीही काढावा, असा त्याचा सूर होता. मी घरगुती उपकरणं दुरुस्त करते. माझ्या टेबलावर कायम एखादा ओव्हन कव्हर काढून पडलेला असतो, म्हणून हे उत्तर लिहावंसं वाटलं. ओव्हनची वकिली मला करायची नाही, ती जपूनच वापरायची वस्तू आहे. पण पत्रलेखक ज्याला भ्याले त्यापासून त्यांना काही धोका नव्हता, आणि ज्याने माणसं खरोखर भाजतात त्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही.

आधी लहरींचं उरकून घेते. घरगुती ओव्हनमधल्या लहरींची वारंवारता २४५० मेगाहर्ट्झ असते. रेडिओ, मोबाइल, वायफाय यांच्याच कुळातल्या या लहरी. क्ष-किरणांना अणूतले इलेक्ट्रॉन उखडून काढता येतात, यांच्यात तेवढी ताकद नाही. त्या अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि त्या हालचालीतून उष्णता तयार होते, बस. दिवा मालवला की खोलीत उजेड शिल्लक राहत नाही, तशा ओव्हन बंद झाल्यावर अन्नात लहरीही राहत नाहीत. राहिला प्रश्न सत्त्वाचा. भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी मोरीत ओतून दिलं, तर क जीवनसत्त्व त्याबरोबर जातं. थोडक्या पाण्यात, थोडक्या वेळात शिजवलं तर ते जास्त टिकतं, आणि मायक्रोवेव्हमध्ये बहुधा तसंच शिजवतात.

दारातून लहरी बाहेर येतात का, हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. दाराच्या काचेआड बारीक भोकांची जाळी असते. लहरीची लांबी साधारण १२ सेंटीमीटर आणि भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, त्यामुळे आतला उजेड दिसतो पण लहर अडते. गळतीची मर्यादाही ठरलेली आहे: ओव्हनपासून ५ सेंटीमीटर अंतरावर दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॉट, आणि जसजसं लांब जावं तसतशी ती झपाट्याने घटते. शिवाय दाराच्या कडीमागे साधारणपणे तीन स्विच असतात. दार उघडताच त्यातले दोन वीज तोडतात. तिसरा त्यांच्यावर पहारेकरी. ते चिकटून बसले, तर हा मुद्दाम फ्यूज उडवतो. ‘दार उघडलं आणि ओव्हन एकदम मेला’ अशी तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा पुष्कळदा याच पहारेकऱ्याने आपलं काम चोख केलेलं असतं. आणि त्यावर मला सांगण्यात येतं, ‘तो स्विच काढून वायर सरळ जोडून टाका ना, तात्पुरतं.’ नाही जोडत. गिऱ्हाईक रागावून ओव्हन उचलून नेतं, नेऊ द्या. दार वाकलेलं, बिजागरी सैल झालेली, कडी तुटलेली, जाळी फाटलेली असेल, तर ओव्हन वापरायचा नाही. लहरींची भीती बाळगायचीच असेल तर इथे बाळगावी. पण गंमत अशी की अन्नातल्या लहरींना घाबरणारी मंडळीच दार नीट बसत नाही म्हणून त्याला चिकटपट्टी लावून ओव्हन चालवताना मी पाहिली आहेत.

आता पाणी. हे मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण याने भाजलेले हात मी पाहिले आहेत आणि ज्याचा हात भाजला त्याला काय झालं ते शेवटपर्यंत कळलेलं नसतं. गॅसवर पातेल्याचा तळ तापतो, तळाशी बुडबुडे धरतात, पाणी खदखदतं आणि आपल्याला उकळी दिसते. मायक्रोवेव्हमध्ये पाणी तापतं आणि कप त्यामानाने थंड असतो. कप गुळगुळीत, नवाकोरा असला आणि पाणी स्वच्छ असलं, तर बुडबुड्याला धरायला जागाच मिळत नाही. पाणी १०० अंशांच्या वर जातं आणि तरी उकळत नाही. वरून पाहावं तर अगदी निवांत. माणसाला वाटतं अजून तापलं नाही, म्हणून तो आणखी एक मिनिट लावतो. मग कप बाहेर काढून त्यात चमचा घालतो किंवा कॉफीची पूड टाकतो, आणि अडून बसलेली सगळी उकळी एका क्षणात फुटते. अर्धा कप पाणी हातावर, गळ्यावर, वाकून पाहत असेल तर तोंडावर. एकदा उकळून गार झालेलं पाणी पुन्हा तापवताना हा धोका वाढतो, कारण त्यात विरघळलेली हवा आधीच निघून गेलेली असते.

उपाय साधा आहे. तापवण्याआधीच कपात लाकडी काडी किंवा लाकडी चमचा ठेवा. गरजेपेक्षा जास्त वेळ लावू नका. थांबल्यावर कप मिनिटभर आतच राहू द्या आणि काही घालायचं झालं तर तोंड लांब ठेवून घाला. आपल्या पुरवणीत मध्यंतरी ओव्हन साफ करायची युक्ती आली होती, वाटीभर पाण्यात लिंबाचा रस घालून पाच मिनिटं चालवा म्हणून. युक्ती चांगली आहे, वाफेने डाग सुटतात. फक्त नुसत्या रसाऐवजी लिंबाच्या फोडी टाकायला सांगा, म्हणजे बुडबुड्यांना धरायला काहीतरी मिळेल, आणि वाटीला लगेच हात लावू नका हेही छापा. ओव्हन डोक्याच्या उंचीच्या फळीवर ठेवायची आता फॅशन आहे. दिसतं छान. पण उकळता द्रव चेहऱ्यासमोरून खाली उतरवण्याइतकी वाईट जागा दुसरी नाही.

अंड्याचं बहुतेकांना माहीत असतं, कवचासकट ठेवलं की फुटतं. सोललेलं उकडलेलं अंडंही फुटतं हे मात्र माहीत नसतं. कधी कधी ते ओव्हनमध्ये न फुटता दाताखाली फुटतं. बटाट्याला काट्याने टोचे मारा, डब्याचं झाकण सैल ठेवा, आणि झाकण काढताना आपल्यापासून लांबची कड आधी उचला.

तान्ह्या बाळाच्या दुधाची बाटली ओव्हनमध्ये ठेवू नये. बाटली बाहेरून कोमट लागते, दूध आत कुठेतरी कढत असतं. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करायला पाच मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

हे असं का होतं, तर लहरी अन्नात दोन-चार सेंटीमीटरच शिरतात, आणि ओव्हनच्या पोकळीत त्या काही ठिकाणी जोरात तर काही ठिकाणी जवळजवळ नाहीत अशा पसरतात. काचेची ताटली फिरते ती एवढ्यासाठीच. म्हणून अन्न ताटलीच्या बरोबर मध्ये ठेवण्यापेक्षा कडेकडेने पसरा, मध्येच थांबवून ढवळा, आणि शेवटी दोन मिनिटं तसंच ठेवा, म्हणजे उष्णता मधोमध पोचते. शिळं अन्न सगळीकडून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापलं पाहिजे, नुसती कडेने वाफ आली म्हणजे झालं असं नाही. फ्रीजमधलं अन्न खाऊन पोट बिघडलं की दोष लहरींना दिला जातो. खरं तर अन्न नीट तापलेलंच नसतं.

भांड्यांबाबत माझ्याकडे येणारी सर्वांत वैतागवाडी दुरुस्ती म्हणजे वितळलेलं प्लास्टिक खरवडणं. यात नव्याण्णव टक्के, आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोडचा घोळ असतो. कन्व्हेक्शनचा ओव्हन घेतला की एकाच पेटीत दोन यंत्रं असतात. मायक्रोवेव्ह मोडमध्ये लहरी अन्न तापवतात. कन्व्हेक्शनमध्ये आतली हवाच २०० अंशांवर जाते आणि ग्रिलमध्ये वरची कॉइल लाल होते. डब्यावर ‘मायक्रोवेव्ह-सेफ’ असं लिहिलेलं असतं ते फक्त पहिल्या मोडपुरतं. तोच डबा कन्व्हेक्शनमध्ये ठेवला की तो ताटलीवर ओघळतो. कुणी कुणी मोड बरोबर लावतात, पण नुकताच केक भाजून झालेला असतो, आतल्या भिंती आणि ताटली तापलेल्या असतात, आणि त्यावरच प्लास्टिकचा डबा ठेवतात. परिणाम तोच. उलट बाजूने, कन्व्हेक्शनसाठी मिळालेला धातूचा ट्रे मायक्रोवेव्ह मोडमध्ये राहून गेला की ठिणग्या उडतात.

मेलामाइनच्या ताटल्या ओव्हनमध्ये नकोतच, त्या स्वतःच तापतात आणि तापल्यावर त्यातले घटक अन्नात उतरू शकतात. सोनेरी कड असलेले कप, चुरगळलेली फॉइल, काटे यांवर ठिणगी पडते, कारण पातळ कड आणि टोक हीच विजेची आवडती जागा. एखाद्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्याबद्दल शंका असेल तर ते रिकामं ठेवा, शेजारी कपभर पाणी ठेवा आणि एक मिनिट चालवा. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं तर चालेल. भांडंच तापलं तर ते कपाटात परत जाऊ द्या. पाण्याचा कप मात्र विसरू नका. रिकामा ओव्हन चालवला की लहरींना शोषून घ्यायला काही नसतं, त्या मॅग्नेट्रॉनकडे, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागाकडेच परत फिरतात आणि तोच तापून खराब होतो. तो ओव्हनमधला महागडा भाग आहे. रडारसाठी याच मॅग्नेट्रॉनवर काम करता करता १९४५ मध्ये अमेरिकन अभियंते पर्सी स्पेन्सर यांना त्याने अन्न शिजवायची कल्पना सुचली होती, हे जाता जाता.

‘ओव्हनमध्ये स्फोट झाला’ म्हणून येणाऱ्या फोनचं मूळ निम्म्या वेळा एका पातळ तुकड्यात असतं. आत उजव्या भिंतीवर पाहा, पुठ्ठ्यासारखा दिसणारा, राखाडी-तपकिरी चौकोन असतो. तो अभ्रकाचा. लहरी त्याच्यामागून आत येतात, आणि अन्नाचे शिंतोडे मागे जाऊ नयेत म्हणून तो बसवलेला असतो. त्यावर तेलकट डाग साचला की तो जळून कोळसा होतो, कोळसा लहरी ओढून घेतो, मग तडतड, ठिणगी, आणि शेवटी भोक. रोज ओल्या फडक्याने पुसलं तर हे होत नाही. भोक पडलं तर अभ्रकाचा नवा पत्रा मिळतो, कात्रीने मापात कापून बसतो, माझ्या कामातलं हे सर्वांत स्वस्त काम. पण लोक काय करतात? पॅकिंगचा पुठ्ठा समजून तो उपटून फेकतात. एका ओव्हनमध्ये तर त्याच्या जागी खोक्याचा खरा पुठ्ठा कापून बसवलेला निघाला.

आत काही पेटलंच तर दार उघडू नका. दार बंद तोवर आगीला हवा कमी मिळते. बटण बंद करा, प्लग काढा, ज्वाळा विझेपर्यंत थांबा. कोरडा स्पंज निर्जंतुक करणं, ओले मोजे वाळवणं असले उद्योग ओव्हनमध्ये करू नयेत.

शेवटी, ज्यासाठी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं ते. ओव्हनचं बाहेरचं कव्हर घरी उघडू नका. आत ट्रान्सफॉर्मर आणि वीज साठवणारा कॅपॅसिटर मिळून मॅग्नेट्रॉनला ४००० व्होल्टच्या घरात दाब पुरवतात, आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये भार उरलेला असू शकतो. तो एका स्पर्शात जीव घेऊ शकतो. मी स्वतः कव्हर काढल्यावर आधी तो रिकामा करते, मीटरने तपासते, आणि मगच आत हात घालते. आणखी एक. जुन्या ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर विकत मागणारी तरुण मुलं हल्ली माझ्याकडे येतात. लाकडावर विजेने झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी जाळायची असते, व्हिडिओ पाहिलेला असतो. या छंदात माणसं मेली आहेत, अनुभवी कारागीरसुद्धा. मी ट्रान्सफॉर्मर देत नाही. तुमच्या पुरवणीत ‘टाकाऊतून टिकाऊ’ असं लोकप्रिय सदर आहे. त्यात कुणी या नक्षीवर लेख पाठवला तर कृपया तो छापू नये.

आपली,
एक वाचक, व्यवसायाने घरगुती उपकरणांची दुरुस्ती करणारी