मिसिंगचं खरं कारण शोधणाऱ्या मिस्त्री भाऊंना जाहीर आभारपत्र

आदरणीय मिस्त्री भाऊ,
सप्रेम नमस्कार.

"आभार कायचे मॅडम, कामाचे पैसे घेतले ना," असं तुम्ही गाडीची चावी देताना म्हणालात. पैशांचा हिशेब तुमच्या दुकानातच चुकता झाला, खरं आहे. पण तुम्ही ज्या रीतीनं काम केलं, तिचा कुठलाच आकडा त्या बिलात नव्हता. ती रीत चार लोकांना कळावी, आपल्या दारव्हा तालुक्यात असं काम होतं हे लोकांनी ऐकावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव टाकू नका म्हणालात, म्हणून टाकलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

वाचणाऱ्यांसाठी आधी गाडीचं दुखणं सांगते. थंडी पडू लागली तशी सकाळी गाडी सुरू केली की पहिली काही मिनिटं ती नुसती थरथरायची. रेस एका जागी थांबायची नाही, सायलेन्सरमधून तुटक आवाज यायचा आणि चेक इंजिनची पिवळी लाईट लागायची. यालाच मिसिंग म्हणतात, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण अधूनमधून पेटतच नाही. इंजिन तापलं की बरंचसं शांत व्हायचं, पण पिकअप गेलेलाच. कापसाच्या हंगामात आर्णी रोडवर काठोकाठ भरलेल्या मेटॅडोर आणि ट्रॅक्टर असतात. त्यांना ओलांडायला पाय दाबावा आणि नेमका तेव्हाच झटका बसावा, यात किती भीती असते ते त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्याला विचारावं. माझ्या गाडीत बहुतेक वेळा शाळेतल्या दहावीच्या मुली असतात. एसटी चुकली की त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. परीक्षा तोंडावर असताना गाडीचा भरवसा नसणं मला परवडणारं नव्हतं.

शहरातल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवून झाली होती. तिथे स्कॅनर लावला, कोड वाचला आणि चार कॉइल (प्लगला वीज देणाऱ्या), चार प्लग (ठिणगी पाडणारे), चार इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) असं अंदाजपत्रक हातात ठेवलं. आकडा माझ्या महिन्याच्या पगाराला भिडणारा होता. नेमकं बिघडलंय काय, असं विचारलं तर "सगळंच बदलून घ्या, म्हणजे टेन्शन नाही" एवढंच उत्तर मिळालं. शिवाय ते उत्तर माझ्या यजमानांकडे पाहून दिलं गेलं. गाडी मी चालवते.

तुम्ही पहिला प्रश्न मला विचारलात. मिसिंग थंडीत जास्त की गरम झाल्यावर? चढावर की सपाटीवर? लाईट नुसती लागते की लुकलुकते? लुकलुकते म्हटल्यावर तुमचा चेहरा गंभीर झाला. लाईट लुकलुकत असेल तर गाडी दामटायची नाही, हे तुम्ही तेव्हाच बजावलंत. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि त्या उष्णतेनं त्याची आतली जाळी वितळू शकते. मिसिंगचा खर्च परवडला, पण कन्व्हर्टरचा नाही. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

तुमच्या स्कॅनरवरही कोड तोच आला, पी०३०२. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पण कोड फक्त जागा दाखवतो, कारण दाखवत नाही, हे तुम्ही माझ्यासमोर करून दाखवलंत. दोन नंबरची कॉइल काढून तीनवर लावली, तीनची दोनवर. कोड पुसून गाडी पुन्हा थंड होऊ दिली. कॉइल खराब असती तर मिसिंग तिच्यासोबत तीन नंबरवर जाऊन पी०३०३ आला असता. तो आला नाही, दोन दोनवरच राहिला. मग तसेच प्लग आलटून पाहिले. तरी दोनच. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर आल्यावर आत तयार होणारा दाब, मोजलं, ते जवळपास सारखं निघालं. म्हणजे तो दाब धरून ठेवणाऱ्या रिंगा शाबूत, हेड पॅकिंग शाबूत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीचं आहे तसं ठेवायचं आणि काय फरक पडतो ते पाहायचं. मी वर्गात विज्ञान शिकवते, भाऊ. प्रयोग असाच करायचा असतो हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. तुमच्या दुकानात, ऑइलनं काळ्या झालेल्या हातांनी, एक रुपयाचाही पार्ट विकत न घेता तो झालेला पाहिला. तुमच्याबद्दलचा आदर तिथेच दुप्पट झाला.

त्यानंतर तुम्ही इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेचा, मुद्दा काढलात. "हे डायरेक्ट इंजेक्शन हाय मॅडम. पेट्रोल वॉलवर पडतच नाई, सिधं अंदर जाते. मंग वॉलले धुईन कोण?" वॉल म्हणजे व्हॉल्व्ह, सिलिंडरची वाट उघडणारी-बंद करणारी झडप. या एका वाक्यात सगळा प्रकार आला, तरी ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांच्यासाठी जरा फोडून लिहिते. नेहमीच्या पेट्रोल इंजिनमध्ये इंजेक्टर सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत असतो. साधारण ३ ते ४ बार दाबानं तो इनटेक वॉलच्या पाठीवर पेट्रोल फवारतो. पेट्रोलमध्ये डिटर्जंट असतं, त्यामुळे वॉल आपोआप धुतला जातो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टरचं तोंड सिलिंडरच्या आत असतं आणि दाब शंभर-दोनशे बार किंवा त्याहून जास्त. पेट्रोलची बचत होते, छोट्या इंजिनमधून ताकद मिळते. मित्सुबिशीनं १९९६ साली गॅलंट गाडीत असं इंजिन आणलं आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. पण इनटेक वॉलवरून आता फक्त हवा जाते. त्या हवेत इंजिनच्या पोटातली ऑइलची वाफ मिसळलेली असते, कारण पीसीव्ही नावाच्या नळीनं ती वाफ परत इनटेकमध्येच सोडलेली असते. तापलेल्या वॉलवर ती वाफ चिकटते, भाजते, तिच्यावर पुढचा थर बसतो. हा प्रश्न ओळखून टोयोटासारख्या कंपनीनं काही इंजिनांत दोन्ही ठिकाणी इंजेक्टर दिले. माझ्या गाडीत ती सोय नाही.

थर वाढला की हवेचा झोत वाकडा जातो, कमी जातो, आणि सिलिंडरा-सिलिंडरांत फरक पडतो. थंड इंजिनात आधीच पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्यात हवा अशी अडखळत आली की मिश्रण पेटत नाही. सकाळचं मिसिंग आणि गरम झाल्यावरची शांतता, दोन्हींचा उलगडा त्यात झाला.

सिलिंडरांना हवा वाटून देणारं मॅनिफोल्ड खोलल्यावर तुम्ही मला बोलावून बारक्या कॅमेऱ्यातून आतलं दाखवलंत. मोबाइलच्या पडद्यावर जे दिसलं ते विसरणार नाही. वॉलची दांडी आणि पाठ कुठे ओळखू येत नव्हती. वर्षानुवर्षं न घासलेल्या कढईच्या बुडासारखा काळा, खडबडीत, चकाकणारा थर, आणि दोन नंबरवर तो सगळ्यात जाड. एका बाजूनं ढेकूळ पुढे आलेलं, म्हणजे हवेला जायला अर्धीच वाट. "आता सांगा, कॉइल बदलून हे गेलं असतं का?" असं तुम्ही विचारलंत. तो प्रश्न मी आता प्रत्येक अंदाजपत्रक पाहताना स्वतःला विचारणार आहे.

साफ करायचं काम तुम्ही ज्या धीरानं केलं, त्यावर मला सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं. अक्रोडाच्या टरफलाचा रवा हवेच्या दाबानं मारून हा कार्बन काढतात. टरफल कार्बन उडवतं आणि वॉलच्या धातूला ओरखडा पाडत नाही. ते मशीन आपल्याकडे नाही, हातानं वेळ लागेल, असं तुम्ही काम हातात घेण्याआधीच सांगितलंत. आणि जो वॉल साफ करायचा तो पूर्ण बंद असला पाहिजे, ही अट शेवटपर्यंत पाळलीत. तुमच्या हाताखालचा आयटीआय केलेला पोरगा क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावून इंजिन फिरवत होता. दोन नंबरचा पिस्टन वर आला, तसा तीन नंबरचाही आला. त्यानं लगेच तीनच्या पोर्टमध्ये, म्हणजे वॉलकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत, ब्रश घातला असता, पण तुम्ही त्याचा हात धरलात. १-३-४-२ अशा क्रमानं सिलिंडर पेटणाऱ्या इंजिनमध्ये दोन आणि तीनचे पिस्टन जोडीनं वर येतात. दोन कॉम्प्रेशनवर असेल तर त्याचे वॉल बंद असतात, आणि त्याच वेळी तीनचा इनटेक उघडायला लागलेला असतो. तिथे खरवडलेला कार्बन थेट सिलिंडरमध्ये पडेल. तिथून धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टच्या वॉलखाली अडकेल, नाहीतर त्या धुरावर फिरणाऱ्या टर्बोच्या पात्यांवर जाऊन आदळेल. त्या पोराला तुम्ही ओरडला नाहीत. पोर्टमध्ये थोडं क्लीनर ओतलंत आणि टॉर्च मारून म्हणालात, "पाय, पाणी थांबलं का? थांबलं तं वॉल बंद हाय. झिरपलं तं हात नाई लावाचा." शिकवणं म्हणतात ते हेच.

मग भिजवणं सुरू झालं. कार्ब क्लीनर ओतायचं, थर मऊ होईपर्यंत ठेवायचं, नायलॉनच्या ब्रशनं घासायचं, काळं झालेलं पाणी जनावरांच्या औषधाच्या मोठ्या सिरिंजनं ओढून घ्यायचं, पुन्हा ओतायचं. कडेला घट्ट बसलेल्या ढेकळासाठी तुम्ही बांबूची कामटी तासून तिला टोक केलंत, कारण स्क्रू ड्रायव्हर लावला तर पोर्टच्या अॅल्युमिनियमला आणि वॉलच्या बसायच्या जागेला खाचा पडल्या असत्या. अख्ख्या दुकानात त्या दिवशी बिडी पेटवू दिली नाहीत. ओळखीची माणसं आली, त्यांनाही बाहेर उभं केलंत. आठही इनटेक वॉल असे एकेक करून, दर वेळी इंजिन फिरवून, दर वेळी क्लीनर थांबतं का ते पाहून झाले. संध्याकाळी कॅमेऱ्यात पुन्हा पाहिलं तेव्हा धातूचा रंग दिसत होता.

इथेच गाडी बांधून देता आली असती. मला घाई होती आणि तुम्हाला ती दिसत होती. तरी जुनं मॅनिफोल्ड पॅकिंग परत बसवायला तुम्ही तयार झाला नाहीत. दबलेल्या पॅकिंगमधून बाहेरची हवा ओढली गेली तर मिसिंग पुन्हा येईल आणि वॉल साफ करूनही गेलं नाही असं वाटेल, हे तुमचं म्हणणं. नागपूरहून पॅकिंग येईपर्यंत पोर्टची तोंडं स्वच्छ कापडानं बुजवून ठेवलीत. ऑइल आणि फिल्टरही बदललेत, कारण थोडं क्लीनर खाली उतरलं असण्याची शक्यता होती. बोल्ट टॉर्क पान्यानं मधून बाहेर अशा क्रमानं कसलेत. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा पांढरट धूर आला आणि माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी गप्प राहिले. थोड्या वेळानं धूर विरला, रेस खाली आली आणि तिथेच थांबली.

तेव्हापासून कितीही थंड सकाळ असो, गाडी एका दमात सुरू होते. पिकअप परत आला. मुली वेळेवर पोचतात. एकीची आई मला म्हणाली, "मॅडम, तुमच्या गाडीचा आवाज आता येतच नाई, पोरगी तयारच नसते." यावरून समजून घ्या.

तुमचं आणखी एक सांगणं इथे लिहिते, कारण आपल्या भागात पुष्कळ जण पेट्रोलच्या टाकीत औषधाच्या बाटल्या ओततात. "थे औषध पेट्रोलसंगं अंदर जाते. वॉल तं बाहेरच राह्यला." डायरेक्ट इंजेक्शनच्या इनटेक वॉलला त्या बाटलीचा उपयोग नाही, इंजेक्टरला होत असेल तेवढाच. त्यापेक्षा कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल वेळेवर बदलायचं, आणि रोज गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला मधून मधून लांब नेऊन इंजिन पुरतं तापू द्यायचं. न तापलेल्या इंजिनच्या ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी मिसळत जातं, त्याची वाफ शेवटी वॉलकडेच येते. कार्बन यानं कायमचा थांबणार नाही, उशिरा धरेल, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. ज्याची हमी देता येत नाही त्याची तुम्ही दिली नाहीत, याचं मला फार मोल वाटतं.

वॉलवरून निघालेला कार्बन तुम्ही एका डबीत घालून दिला होता. अपूर्ण ज्वलनाचा धडा शिकवताना ती डबी वर्गात फिरवली. मुलांचे प्रश्न संपेनात, आणि "वॉल बंद आहे हे कसं कळतं?" या प्रश्नाला मी तुमचंच उत्तर तुमच्याच शब्दांत दिलं. आता त्यांना तुम्हाला भेटायचं आहे. मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलं आहे. परीक्षा आटोपल्या की एखाद्या शनिवारी सकाळच्या शाळेला या, तो बारका कॅमेरा आणि एखादा जुना वॉल घेऊन. त्या पोरालाही सोबत आणा. न्यायला गाडी मी घेऊन येते.

आपली,
विज्ञानाच्या मॅडम
दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ