छळ सोसलेल्या बायांना मदत करणाऱ्या जळगावच्या सखी सेंटरमधल्या आमच्या ताईंना

ताई, तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये, आणि माझ्या नणंदेचं नाव गाव तर नाहीच. पण वाचायला घेतलं की तुम्हाला लगेच कळेल कोण बोलतंय ते. कानावरून कळेल.

तेच आधी लिहिते. तुम्ही तिच्याशी बोलत होत्या आणि ती दरवेळी उजवा कान पुढं करायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली तेव्हापासून ती आमच्याकडंच होती, घरात एवढी माणसं, पण कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुम्ही पेन खाली ठेवला आणि हळूच विचारलं, डाव्या कानानं ऐकू येतं का गं? तिचा बांधच फुटला. कानाखाली मारलेलं, पोळी करपली म्हणून, ते तिनं तिच्या आईला पण सांगितलं नव्हतं. त्याच दिवशी तुम्ही स्वतः सोबत सिव्हिलला आल्या, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं, पडदा फाटलेला निघाला, आणि ते एमएलसीच्या, म्हणजे पोलीस-कोर्टात चालणाऱ्या दवाखान्याच्या नोंदीच्या, कागदावर आलं. तो कागद आज कोर्टात आहे.

त्याच्या आधी आम्ही कुठं कुठं फिरलो ते तुम्हाला माहितीये. एका पोलीस ठाण्यात सांगितलं की नवराबायकोचं आहे, चार माणसं बसवा आणि मिटवा. एका दवाखान्यात विचारलं, पडली का? वकिलाकडं गेलो तर ते म्हणे आधी कागदपत्रं आणा, आणि आधार कार्ड, लग्नाचे फोटो, पोरीचा जन्मदाखला सगळं सासरी कपाटात, चावी सासूकडं. सगळ्यात वाईट काय होतं सांगू, प्रत्येक ठिकाणी तिला पहिल्यापासून सांगावं लागायचं आणि प्रत्येक वेळी ती थोडं कमी सांगायची. शेवटी शेवटी तर ती नुसतं "थोडी भांडणं होतात" एवढंच म्हणायला लागली होती.

तुमच्याकडं तिनं एकदाच सांगितलं. अहिराणीतच सांगितलं, तुम्ही मधे तोडलं नाही, कागदावर घेतलं आणि मग ओळीवर बोट ठेवून तिला वाचून दाखवलं, असंच झालं ना, काही राहिलं का. ती म्हणे मन्हा बांगड्या राहिन्यात. मग तुम्ही स्त्रीधनाची यादी केली, बांगड्या, पोत, आईनं दिलेली पितळी भांडी पण. एका भांड्यासाठी पण तुम्ही घाई केली नाही. मग संरक्षण अधिकारी मॅडमना, म्हणजे या कायद्यासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यांना, फोन केला, घरात काय झालं त्याचा कौटुंबिक घटना अहवाल भरून घेतला, विधी सेवा प्राधिकरणातून वकील मिळवून दिला, आणि बाई असली की उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो हे मला तर त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

हे सगळं कायद्यात आणि योजनेत आहे, मी नंतर वाचलं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. बाई सासरी ज्या घरात नांदली तिथं राहायचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. सखी वन स्टॉप सेंटरची योजना १ एप्रिल २०१५ पासून, निर्भया फंडाच्या पैशातून. दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत राहायची सोय, सगळं एका जागी, दिवसरात्र, एक पैसा न घेता. १८१ हा बायांचा मदतीचा नंबर लावला तरी तिथं पोचता येतं. आणि शेजारीपाजाऱ्यांनी सुद्धा कळवायला हरकत नाही, चांगल्या हेतूनं संरक्षण अधिकाऱ्याला माहिती दिली तर कळवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही असं कायदाच म्हणतो. ही गोष्ट गावोगाव ओरडून सांगायला पाहिजे कारण आमच्याकडं सगळ्यांना भिंतीपलीकडचं ऐकू येतं आणि सगळे म्हणतात आपण कशाला मधे पडा.

पण ताई, पोलीस, डॉक्टर, वकील हे आपोआप एकमेकांशी बोलत नाहीत, कोणीतरी त्यांना बोलतं करावं लागतं. ते तुम्ही केलं. त्याच ठाण्यात तुम्ही स्वतः फोन लावला, अर्ज नोंदवून घ्या म्हणाल्या, आवाज चढवला नाही, पण फोन ठेवला पण नाही, पोच मिळेपर्यंत. रात्री ती घाबरून उठली तर तुम्ही शेजारी बसून तिला म्हणाल्या, भिऊ नको, मी शे ना, म्हणजे मी आहे ना. ती अजून हे सांगते, दर चार दिवसांनी सांगते.

आता इकडचं. अंतरिम पोटगीचा आदेश झाला. पोरीचं इथल्या शाळेत नाव घातलं. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात आहे, आमच्या तारखा त्याच्यापुढं चालल्यात, पण मी तिच्यासोबत जाते आणि ती आता जजसाहेबांसमोर स्वतः बोलते. कानाचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलंय.

तुमची नोकरी कंत्राटी आहे आणि पगार वेळेवर होत नाही हे तुमच्या तोंडून नाही, बाहेर ऐकलं. मला फार लागलं ते. आणि रावेर-चोपड्याकडच्या बाईनं मार खाऊन, लेकरू कडेवर घेऊन एसटीनं जळगाव गाठायचं हे पण बरोबर नाही, असं सेंटर तालुक्याला पाहिजे. या दोन्ही गोष्टींचं निवेदन मी लिहिलंय, कलेक्टर ऑफिसला द्यायचंय, बचत गटातल्या बायांच्या सह्या चालू आहेत. पहिली सही माझ्या नणंदेनं केली, पूर्ण नावानं.

खूप खूप आभार ताई.

तुमच्या त्या पोरीची वहिनी