बाबा, साखर काबूत असली तरी

पुणे, रविवार

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला गेले की बाबा दोन वाक्यांत "बरं बरं, आईशी बोल" म्हणतात आणि आई भाजी काय केलीस ते विचारते. म्हणून पत्र.

आप्पांच्या तेराव्याला स्वयंपाकघरात जे बोलणं चाललं होतं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. "हिनं लाड केले, सणावाराला बासुंदी-श्रीखंड, म्हणून किडन्या गेल्या." काकू तिथेच पीठ मळत बसली होती. आई, तूही मान हलवलीस. शेवटची आठ-दहा वर्षं आप्पांनी चहासुद्धा बिनसाखरेचा घेतला, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

साखर वाढली की किडनीला इजा होते, हे खरंच. पण डायबेटिस असलेल्या दहांतल्या साधारण तीन-चार जणांनाच किडनीचा आजार होतो. उरलेल्या सहा-सात जणांत जिभेवर ताबा नसलेलेही असतात. मग निवड कोण करतं? अमेरिकेत मिनेसोटाला १९८९ साली दोघंही डायबेटिसचे असलेल्या भावंडांची पाहणी झाली होती. एकाची किडनी बिघडलेली असेल, तर दुसऱ्यातही तशी लक्षणं ८३ टक्के जणांत सापडली. पहिल्याची चांगली असेल, तर फक्त १७ टक्क्यांत. पाहणी लहान होती आणि टाईप १ वाल्यांची होती, तुमचा टाईप २ आहे. तरीही आकडा वाचला आणि पोटात गोळा आला. आप्पा गेले, मिरजेच्या आत्याच्या लघवीतून प्रथिनं जातात. तिसरं भावंड तुम्ही, बाबा.

म्हणजे हे बरंचसं घराण्यातून येतं. पण त्यात एकच एक जीन दोषी नाही. बरेच आहेत, प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा. काही तर राखणही करतात. २०१९ साली टाईप १ च्या सुमारे वीस हजार लोकांच्या तपासणीत, किडनीच्या चाळणीचा पडदा ज्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा बनतो त्याच्या जीनचा एक प्रकार संरक्षण देणारा निघाला. तेव्हा ती जीन टेस्टची जाहिरात पाठवलीत, त्यावर पैसे घालू नका. आपल्या घराण्याचा रिपोर्ट आप्पा आणि आत्यानं देऊन ठेवलाय.

दुसरी गोष्ट दाहाची. जखमेला येते तशी सूज नव्हे, आत राखेखालच्या निखाऱ्यासारखा धुमसणारा दाह. बॉस्टनच्या जोस्लिन डायबेटिस सेंटरमध्ये २०१२ साली दिसलं की रक्तात टीएनएफ रिसेप्टर नावाची प्रथिनं ज्यांची जास्त, त्यांची किडनी पुढच्या काही वर्षांत लवकर ढासळते. २०१९ मध्ये त्यांनी दाहाशी निगडित अशी १७ प्रथिनं वेगळी काढली. ही तपासणी आपल्याकडे रोजच्या वापरात नाही, आमच्या लॅबमध्येही नाही.

आता तुम्ही म्हणाल, दाह आहे ना, मग मी गुडघ्याची सूज उतरवायची गोळी घेतोच की! बाबा, नेमकी तीच नको. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. मेडिकलवाल्याला "नेहमीची दे" म्हणून आणता, ती पट्टी कपाटातून आजच काढा. गुडघ्याचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारू. आणि बीपी १२० आलं म्हणून बीपीची गोळी टेल्मिसार्टन परस्पर बंद केलीत, तेही बरोबर नाही. त्या जातीची गोळी बीपी उतरवतेच, पण चाळणीवरचा दाबही कमी करते.

तुमचा रिपोर्ट मी पाहिला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळते तो स्नायूंचा कचरा, १.३, समोर "नॉर्मल" छापलेलं. पण ६८ वर्षांच्या पुरुषाचं १.३ वरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, काढलं तर ते साठाच्या काठावर येतं. त्यात तुम्ही वाळलात. स्नायू कमी झाले की क्रिएटिनिनही कमी दिसतं. आणि डायबेटिसच्या चौदा वर्षांत लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी एकदाही झालेली नाही, हे पाहून मला माझाच राग आला. दुसऱ्यांच्या बाटल्या मी रोज हाताळते.

साधी तपासणी आहे, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. ३० च्या आत आलं तर उत्तम. वर आलं तरी घाबरायचं नाही. ताप, इन्फेक्शन, दमछाक यांनीही वाढतं, म्हणून तीन ते सहा महिन्यांत पुन्हा बघतात, आणि तीनांतले दोन नमुने वर असले तरच खरं धरतात. आणि निघालंच काही, तर आप्पांच्या वेळेसारखे हात बांधलेले नाहीत. डापाग्लिफ्लोझिन ही साखरेची गोळी किडनी सांभाळते, हे २०२० साली मोठ्या चाचणीत दिसलं, अगदी डायबेटिस नसलेल्यांतही. त्याच वर्षी इथलं पेटंट संपलं आणि ती स्वस्त झाली. तुम्हाला चालेल का, ते मात्र डॉक्टर ठरवतील.

मी शनिवारी मुक्कामाला येते. सोमवारी पहाटेची पहिली लघवी बाटलीत द्यायची. माझीही देणार आहे. माझी उपाशीपोटीची साखर १०८ आली, थोडी वरच, सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी काकूकडे जाऊ. आई, तूही चल. तिच्या हातची बासुंदी मागून खाणार आहे मी, वाटीभरच.

तुमची,
धाकटी

ता. क. नमुना न्यायला बर्फाचा डबा माझा मी आणतेय. आई, तुझ्या आमरसाच्या डब्याला हात लावणार नाही.