मापाच्या भांड्याचे आभार

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

आम्ही इंदूरच्या वेगवेगळ्या दवाखान्यांत मज्जारज्जूच्या दुखापतीचे रुग्ण सांभाळणाऱ्या परिचारिका आणि थेरपिस्ट. तुम्ही स्वतः अशाच दुखापतीनंतर व्हीलचेअर वापरता आणि आमच्या नव्या रुग्णांना भेटून पुढचं जगणं शिकवता. तोंडावर आभार मानायला गेलं की ‘आधी चहा सांगा’ म्हणून तुम्ही विषय उडवता, म्हणून हे पत्र.

पहिले आभार तुमच्या प्लास्टिकच्या मापाच्या भांड्याचे. नव्या रुग्णाच्या खाटेशी व्हीलचेअर लावून ब्रेक ओढले की तुम्ही धीराचं भाषण करत नाही. पिशवीतून ते भांडं आणि तीन दिवसांचा तक्ता निघतो: किती वाजता, किती प्यायलं, कॅथेटरने, म्हणजे लघवीच्या नळीने, किती निघालं, मध्ये कपडे ओले झाले का. दर 4 ते 6 तासांनी कॅथेटर आणि एका वेळी 500 मिलीच्या आत, हे आम्हीही सांगतो. पण भांड्यात 700 मिली दिसले की घरचे पहिल्यांदा पाणी तोडतात. मग लघवी गडद होते, गाळ येतो, जंतुसंसर्ग होतो, पुढे खडे. तुम्ही म्हणता, पाणी तोडू नका, दोन वेळांमधलं अंतर तोडा. फक्त पहाटेच भांडं भरत असेल तर तुमची नजर पायांच्या सुजेकडे जाते. दिवसभर खाली सोडलेल्या पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि मूत्रपिंडांना रात्रपाळी लागते. त्यावर उपाय साधा, संध्याकाळी तास-दोन तास पाय उंचावर. रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जायचं असेल तर निघताना कॅथेटर करायचं आणि तिथल्या शिकंजीचा हिशोब झोपण्याआधीच्या वेळेत धरायचा, हे आमच्या डिस्चार्जच्या कागदावर कधीच नव्हतं.

शौचाचं बोलायला आपल्या घरांत माणसं कचरतात. तुम्ही ते पोह्यांवरून काढता. खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, म्हणून सकाळचे पोहे-चहा झाल्यावर 15 ते 30 मिनिटांनी, रोज किंवा एक दिवसाआड, पण वेळ तीच. दुखापत वरच्या पातळीची असेल तर बोटाने 15-20 सेकंद गोल फिरवून उत्तेजना दिली की प्रतिसाद मिळतो. कण्याच्या शेवटाकडची असेल तर तो प्रतिसाद उरलेलाच नसतो. तिथे हातानेच काढावं लागतं आणि त्यासाठी मल थोडा घट्ट हवा. दोघांना एकच जुलाबाचं औषध दिलं की दुसऱ्याचे कपडे दिवसभर खराब होत राहतात.

हातांबद्दल मात्र तुमचे खास आभार. मानेच्या सी 6 पातळीच्या रुग्णाला बोटं हलवता येत नाहीत, पण मनगट वर उचलता येतं. मनगट उचललं की बोटांचे स्नायुबंध ताणले जाऊन बोटं आपोआप मिटतात. तेवढ्या पकडीत चमचा येतो, दात घासायचा ब्रश येतो. आता घरातली आई किंवा आत्या तेल घेऊन रोज प्रेमाने मनगट आणि बोटं दोन्ही एकदम मागे ताणते, ‘आखडायला नकोत’ म्हणून. स्नायुबंध ढिले पडतात आणि ती पकड जाते, बहुधा कायमची. तुमची स्वतःची दुखापत डी 10 ची, म्हणजे मानेखाली पाठीच्या मणक्याची, त्यामुळे तुमचे हात शाबूत. म्हणून अशा रुग्णाकडे तुम्ही मानेच्याच दुखापतीचा सोबती घेऊन येता आणि तो चमचा उचलून दाखवतो. मनगट मागे असेल तेव्हा बोटं मिटलेली, बोटं सरळ करायची तर मनगट खाली सोडलेलं. आईला हे एकदा दिसलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

बेडसोअरसाठी लोक गोल रबरी रिंग आणतात. ती मधली जागा मोकळी ठेवते खरी, पण कडेने रक्त अडवते, म्हणून तुम्ही ती सरळ बाजूला ठेवायला लावता. हवेच्या गादीत जास्त हवा म्हणजे जास्त मऊ, हाही असाच गैरसमज. गच्च भरलेल्या गादीत बसकण रुतत नाही आणि सगळा भार दोन हाडांवर येतो. हाडाखाली हात घालून तळापर्यंत साधारण एक-दोन सेंटीमीटर हवा राहते का, हे बघायचं. दर अर्ध्या तासाने पुढे झुकून दोन मिनिटं थांबायचं. हातांवर क्षणभर उचलून घेण्याने रक्त परत यायला वेळच मिळत नाही, वर खांदे झिजतात ते वेगळं.

डी 6 किंवा त्याहून वरच्या पातळीच्या रुग्णांच्या खिशात तुम्ही जे कार्ड ठेवता, त्याचा उपयोग आमच्या डॉक्टर मित्रांनाही झालाय. अशा माणसाचं नेहमीचं वरचं बीपी 90 ते 110 असतं. त्यामुळे 140 आकडा परक्या दवाखान्यात किरकोळ वाटतो, पण सोबत ठणकणारं डोकं आणि चेहऱ्यावर घाम असेल तर तो धोका आहे: दुखापतीखालच्या एखाद्या त्रासाने, बहुधा तुंबलेल्या लघवीने, बीपी भडकतंय. आडवं करायचं नाही, ताठ बसवायचं, पट्टा सैल करायचा, कॅथेटरची नळी पिळलीय का बघायची. मग शौच, मग त्वचा. आराम पडला नाही तर थेट इमर्जन्सीत.

आणि जे तुम्ही बोलत नाही, त्याचेही आभार. ‘मी चालेन का?’ याला तुम्ही हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तो प्रश्न डॉक्टरांसाठी कागदावर लिहून देता. मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं, हे नातेवाईक आठवड्याच्या आत ऐकवतात. ज्याला अजून खाटेच्या कडेला तोल सावरत नाही, त्याला त्या पदकाचं ओझंच होतं. तुम्ही पेटकरांना थोडं थांबवता. पंधरा मिनिटं घरच्यांना बाहेर पाठवता, म्हणजे लग्नाचं, मुलांचं, शरीराचं विचारता येतं. आणि जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं तर ते डॉक्टरांना सांगणार, हे आधीच कबूल करून घेता.

मागच्या दाराच्या उताराबद्दल तुमचं म्हणणं बरोबर निघालं. पायरी 15 सेंटीमीटर, म्हणजे एकास बारा धरून उतार 180 सेंटीमीटर हवा. टेपने मोजला तर 120 भरला. गवंड्याला सांगितलंय. तोवर येताना पुढच्या दाराने या.

आपले,
इंदूरच्या वॉर्डांतले आम्ही सगळे